सालदाराचे साल आणि कास्तकाराचे वावर

विद्यालयाच्या कार्यालयातील कपाटात जुन्या दाखल-खारीज नोंदवह्या आहेत. विद्यार्थ्याचे नाव, गाव, जन्मतारीख या रकान्यांनंतर त्यांत 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना येतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्या वह्या पुन्हा चाळल्या. अगदी आरंभीच्या वर्षांच्या पानांवर हा रकाना वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकाच शब्दाने भरलेला आहे : मजुरी. कुठे 'शेतमजुरी', कुठे 'सालदार', क्वचित 'कोतवाल'. 'शेती' हा शब्द शोधावा लागतो.

या नोंदी वाचून एक समज सहज पक्का होतो, आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडून तो आम्ही अनेकदा ऐकला आहे. "आमची शेती नव्हती," असे ते सांगतात. जमीन नव्हती, हे खरे आहे. परंतु शेती नव्हती असे म्हणताना त्यांचे आजोबा, पणजोबा आणि विशेषतः आज्या-पणज्या यांनी ज्या कामात सारा जन्म घालवला, तेच काम नजरेआड होते. नागपूरच्या परिसरातील ज्या खेड्यांतून आपली मुले येथे येतात, त्या खेड्यांतील आपल्या समाजाची शेती कशी होती, दिवस कसा उगवे आणि कसा मावळे, आणि जमीन हाती आली ती कोणत्या वाटेने, याची हकीगत येथे मांडत आहोत. ती गावाच्या कागदपत्रांत एका ठिकाणी सापडत नाही.

माती

नागपूर जिल्ह्याची शेती एकसारखी नाही. पश्चिमेकडे काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या भागात कापूस, ज्वारी आणि संत्रा. पूर्वेकडे मौदा, कुही, रामटेक, भिवापूर या बाजूस पाऊस अधिक, म्हणून तलाव-बोड्या आणि धानाच्या बांध्या. भिवापूरची मिरची तर आता भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. काटोलकडून आलेल्या मुलाला रोवणी ठाऊक नसते आणि कुहीकडच्या मुलीला संत्र्याचा आंबिया बहार आणि मृग बहार यांतला फरक सांगता येत नाही, हे वसतिगृहात आम्ही नेहमी पाहतो.

इंग्रजी अमदानीत जमाबंदी झाली तेव्हा येथील मातीचे वर्ग पाडले गेले. काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी त्यांची नावे. ही नावे साहेबांनी बनवली नाहीत. ती शेतात राबणाऱ्यांच्या बोलण्यातून उचलली. काळी म्हणजे खोल, ओल धरणारी. मोरंड तिच्या खालोखाल, चुनखडीचे खडे असलेली. खरडी उथळ आणि हलकी. बरडी म्हणजे मुरमाड, लालसर. पाऊस पडला की वाहून जाणारी आणि उघडला की तापणारी. आपल्या समाजातील ज्या थोड्या कुटुंबांकडे पूर्वीपासून तुकडा होता, त्यांना तो कोणत्या मातीचा होता असे विचारून पाहावे. उत्तर बहुधा खरडी किंवा बरडी असेच येते. काळीत त्यांचे हात होते, नाव नव्हते.

मालगुजारीचे गाव

आमच्या सभा-संमेलनांतून 'महार वतन' या विषयावर भाषणे होतात आणि ती योग्यच आहेत. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनसुधारणेचे विधेयक मांडले, त्यामागे त्या वतनाने माणसाला गावाशी कसे जखडून ठेवले याचा सखोल विचार होता. मात्र वक्ते ते वतन जसेच्या तसे नागपूरच्या खेड्यांना लावतात, तेव्हा थोडी गफलत होते. तो मुंबई इलाख्याचा प्रश्न होता. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि पुढच्या काही वर्षांत येथे मालगुजारी पद्धत कायम झाली. पूर्वी जे सारा गोळा करणारे पाटील किंवा मक्तेदार होते, त्यांना गावावर मालकीहक्क मिळाले. शेजारच्या वऱ्हाडात मात्र रयतवारी राहिली. म्हणजे वर्धा नदीच्या एका तीरावरचा शेतकरी सरकारचा रयत, तर दुसऱ्या तीरावरचा मालगुजाराचे कूळ.

मालगुजाराची स्वतःची जमीन ती सीर. बाकीच्या जमिनीवर कुळे, त्यांतही काही कायम हक्काची आणि काही मर्जीवरची. गावातले जंगल, तलाव, चराई, सरपण यांवरही मालगुजाराचा शब्द चाले. आणि या सर्वांच्या खालच्या टोकाला आपली वस्ती. त्या वस्तीतील एक माणूस कोतवाल असे. दवंडी देणे, जन्ममृत्यूची खबर ठाण्यावर पोचवणे, रात्री गस्त घालणे, दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराचे सामान वाहणे, पटवाऱ्याबरोबर शिवारात हिंडणे ही त्याची कामे. मेलेली जनावरे ओढणे हे वस्तीचेच काम. मोबदला म्हणजे खळ्यावरचे धान्य, तेही देणाऱ्याच्या हाताच्या मापाने.

यातील एक गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. गावाच्या शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष सर्वांत विश्वासाची मानली जाई. कोणता दगड कोठे पुरलेला होता, नाला पूर्वी कोणीकडून वाहत होता, धुरा कोणी सरकवला, हे त्याला माहीत असे. मध्य प्रांतातील जातींवर ग्रंथ लिहिणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही याची नोंद केली आहे. गावातल्या प्रत्येक वावराची हद्द ज्याला तोंडपाठ, त्याच्या नावावर त्या हद्दींच्या आत काहीच नसे.

दुसरा धंदा विणकामाचा. या भागातील पुष्कळ महार कुटुंबे जाडेभरडे कापड विणत. पावसाळ्यात शेतावर आणि उरलेल्या दिवसांत मागावर, असा त्यांचा वर्षाचा हिशेब होता. गिरणीच्या कापडाने तो मोडला. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. खेड्यातील माग हळूहळू थांबले, आणि काहींचे हात गिरणीत तर काहींचे मालकाच्या वावरात गेले. त्यावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ कोसळले. उमरेडला जन्मलेल्या जाईबाई चौधरी यांचे कुटुंब त्या पहिल्या दुष्काळात गाव सोडून नागपूरला आले. त्या मुलीने पुढे ओझी वाहिली, शिकली, आणि आपल्या समाजाच्या मुलींसाठी शाळा उघडली. कळमेश्वरजवळच्या मोहप्याचे किसन फागू बनसोडे यांनीही मुलींची शाळा काढली, छापखाना चालवला आणि काढलेल्या पत्रांपैकी एकाचे नाव 'मजूर पत्रिका' असे ठेवले. नागपुरातील आपल्या शिक्षणकार्याचा इतिहास सांगताना आपण शहरापासून आरंभ करतो. ही दोन माणसे उमरेड आणि मोहप्याच्या शिवारातून आली होती, हेही त्या इतिहासात यायला हवे.

सालदाराचे साल

जो कोतवाल नव्हता आणि मागावर बसत नव्हता, तो बहुधा सालदार. हा शब्द आमच्या आजच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागतो, याचा आम्हांस आनंदच आहे. तरीही तो नीट समजून घेतल्याशिवाय आपल्या घरांचा इतिहास कळणार नाही.

साल गुढीपाडव्याला ठरे आणि पुढच्या गुढीपाडव्याला संपे. वर्षाची रक्कम, काही पायल्या ज्वारी किंवा धान, एखादी घोंगडी, पायात जोडा, असा बोलीचा करार असे. कागद नसे. करार ठरताना काही रक्कम उचल म्हणून मिळे आणि तिच्यातच सारी गोम होती. घरात लग्न निघे, आजारपण येई, आणखी उचल होई. वर्ष संपताना हिशेब मालकाच्या वहीत आणि अंगठा सालदाराचा. उचल फिटली नाही तर दुसऱ्या मालकाकडे जाता येत नसे, म्हणून त्याच गोठ्यात पुन्हा साल धरायचे. काही घरांत बापाची उचल मुलाच्या सालात वळती झाली. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे. म्हणजे या स्मरणिकेचे कित्येक वाचक तेव्हा शाळेत होते.

दिवस शुक्राची चांदणी असतानाच सुरू होई. सालदार प्रथम मालकाच्या गोठ्यात जाई. शेण काढणे, कुटार टाकणे, बैलांना पाणी दाखवणे, आणि उजाडायच्या आत वखर किंवा नांगर घेऊन वावराची पांदण धरणे. न्याहारी मागून येई. ज्वारीची भाकर, चून, मिरचीचा ठेचा. पावसाळ्यात तरोट्याची किंवा अंबाडीची भाजी. धानाच्या पट्ट्यात भाकरीच्या जागी कण्यांचा भात. दुपारी बैल सुटत, पण माणूस सुटत नसे. धुऱ्यावरची काटी तोडणे, दोर वळणे, बंडीच्या चाकाला वंगण घालणे अशी कामे निघतच. संध्याकाळी पुन्हा गोठा. पीक उभे असताना रात्री जागल. मचाणावर बसून गोफण आणि आरोळ्या यांवर डुकरे हाकायची, आणि पहाटे पुन्हा चांदणी उगवलेली.

चैत्र-वैशाखात वखरणी. बाया मागच्या पिकाच्या पऱ्हाट्या आणि तुरीची खुंटे वेचून वावर साफ करत, आणि ते सरपण डोक्यावर घेऊन घरी येत; कित्येकदा तीच त्या दिवसाची जादा कमाई. मृग लागला की पेरणी. तिफण धरणे हे सर्वांच्या हातचे काम नव्हते. दाणा किती खोल पडतो आहे, ओल कुठवर गेली आहे, सरत्यावरची बाई मुठीतून दाणा एकसारखा सोडते आहे की नाही, यावर वर्षाचे पीक अवलंबून असे. पाऊस दोन दिवस लांबेल की आज रात्रीच येईल, याचा अंदाज मालक सालदारालाच विचारी. त्यानंतर डवरणी आणि निंदण. पूर्वेकडे याच सुमारास पऱ्हे टाकणे, चिखलणी आणि रोवणी. पाठीवर पोत्याची खोळ, गुडघाभर चिखल, आणि कमरेत वाकून मागे मागे सरकणाऱ्या बायांची रांग. रोवणी पुष्कळदा गुत्त्याने ठरे, म्हणजे एकराचे पैसे ठरवून. त्यामुळे बायांची टोळी स्वतःच आपला वेग ठरवी, आणि टोळीची प्रमुख बाई मालकाशी भाव करी. गावातल्या इतर कोणत्याही व्यवहारात आपल्या बायांना भाव करण्याची सोय नव्हती, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

श्रावणाच्या अखेरीस पोळा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने शेकायचे, दुसऱ्या दिवशी धुऊन, शिंगे रंगवून, झूल घालून तोरणाखाली न्यायचे. हे सारे सालदाराने करायचे आणि मान मालकाचा. त्या दिवशी सालदाराला घरोघर बोजारा मिळे. मुलांना दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल हवे असत. ज्यांना ते विकत मिळाले नाहीत त्यांनी मातीचे केले. धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी पोळ्याची पूजा सोडली, काहींनी सण सोडला पण खांदशेकणी ठेवली. यावर आपल्यात मतभेद आहेत, ते असू द्यावेत. ज्या जनावराबरोबर माणूस वर्षभर एकाच जोताला जुंपलेला होता, त्याच्या खांद्यावरून हात फिरवणे हे कर्मकांडात मोडते असे आम्हांस वाटत नाही.

दिवाळीच्या आगेमागे कापसाचा वेचा. कमरेला ओटी बांधून, पहाटेचे दव असतानाच बाया वावरात शिरत. मजुरी वजनावर. बोंडाची टोके बोटांना टोचून नखांच्या कडा फाटत, आणि रात्री त्याच बोटांनी भाकरी थापायची. ज्वारीची सोंगणी, तूर, हरभरा, गहू, खळे, असे करता करता होळी येई, आणि पुन्हा पाडवा.

या हातांनी पेरलेले, निंदलेले, सोंगलेले, मळलेले धान्य मालकाच्या घरात जाई, तेव्हा पोते वाहणारा माणूस ओसरीखाली थांबे. पाणी वरून ओतले जाई. हे वाचकांना आम्ही नव्याने सांगावे असे नाही. परंतु शेतीच्या हकीगतीतून ते वगळले तर हकीगत खोटी होईल.

दसऱ्याचे दिवस

१४ ऑक्टोबर १९५६ या दिवसाबद्दल आपण दरवर्षी बोलतो. शेतीच्या पंचांगात तो दिवस कोठे येतो, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. दसऱ्याच्या सुमारास ज्वारी निसवत असते, बोंडे नुकती उकलू लागतात, धान अजून हिरवे असते. मागच्या वर्षीची कणगी तळाला गेलेली आणि नवे धान्य महिना-दोन महिने दूर. मजुरी आहे पण तुटक. म्हणजे वर्षातील हाताशी सर्वांत कमी पैसा असण्याचे हे दिवस. अशा दिवसांत लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून नागपूरला आली. कोणी आगगाडीने, कोणी बंडीने, कोणी भाकरी बांधून पायी. अंगावरचा डाग मोडून तिकिटाचे पैसे उभे केल्याच्या आठवणी घरोघर आहेत. साल धरलेल्या माणसाला चार दिवसांची सुटी मागणे हेही सोपे नव्हते.

तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते, हेही पुष्कळांच्या स्मरणातून गेले आहे. दीक्षेनंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, विदर्भ मुंबई राज्यात गेला. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबरचे. त्या पावणेदोन महिन्यांत खेड्यातील माणसाचे राज्य बदलले, धम्म बदलला, आणि मार्गदाता गेला.

गावी परतलेल्या माणसांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गावकीची घाणेरडी कामे नाकारली. ढोर ओढणार नाही, वेठीला येणार नाही. त्यावर अनेक गावांनी बहिष्कार टाकला. तो कोणता होता, हे शेतीच्या बाजूने पाहिले की कळते. निंदणाला बोलावणे बंद, चराई बंद, वावरातून जाणारी पाऊलवाट बंद, उसनवारी बंद. ज्याला स्वतःची दोन एकर जमीन होती तो हा काळ कसाबसा काढू शकला. ज्याला नव्हती त्याने शेजारच्या गावात काम शोधले, नागपूर-कामठी गाठली किंवा उपास काढले. जमिनीचा प्रश्न आणि स्वाभिमानाचा प्रश्न एकच आहे, हे आपल्या लोकांना त्या हंगामाने शिकवले.

वर्षावास

आज आपल्या खेड्यांतील विहारात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. दिवसभर निंदण करून आलेल्या बाया हातपाय धुऊन, जेवणे उरकून, आठ-साडेआठला विहारात बसतात. वाचणारी बहुधा गावची शिकलेली लेक किंवा सून. काही जणी पेंगतात. कोणी त्यांना उठवत नाही.

या वाचनात प्रव्रज्येचा भाग येतो, तेव्हा मात्र सर्व जागे असतात. बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत यांच्या दर्शनात मानले नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यामधून रोहिणी नदी वाहत होती, दोघेही तिच्या पाण्यावर शेती करत, आणि पाणी आधी कोणी व किती घ्यावे यावरून युद्धाची वेळ आली. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून घर सोडले. ज्या गावात कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही, त्या गावात हा प्रसंग समजावून द्यावा लागत नाही.

वर्षावासाचा नियमच शेतीतून आला, हे विनयपिटकात सांगितले आहे. पावसाळ्यात फिरणारे भिक्खू हिरवे अंकुर आणि बारीक जीव तुडवतात अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून भगवंतांनी तीन महिने एके ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. चीवराचे तुकडे कसे जोडावेत याचा नमुना आनंदाला मगधातील बांध घातलेली शेते दाखवून दिला गेला, अशीही कथा त्याच पिटकात आहे. मौद्याच्या किंवा कुहीच्या बाजूला थोड्या उंचीवर उभे राहून धानाच्या बांध्या पाहाव्यात आणि मग भन्तेजींच्या चीवराकडे पाहावे. आमच्या विद्यार्थ्यांना सहलीत आम्ही हे दाखवतो.

जमीन

मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने मध्यस्थांचे मालकीहक्क गेले, आणि हा फार मोठा बदल होता. पण तो ज्यांच्या नावावर कुळाची नोंद होती त्यांच्या कामी आला. कोतवालाची आणि सालदाराची नोंद कशातच नव्हती. पुढे १९५८ चा विदर्भाचा कूळकायदा आला, त्याचेही तसेच झाले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने काही अतिरिक्त जमीन वाटपास निघाली. तिच्यातली काळी किती आणि बरडी किती, हे ज्यांना ती मिळाली ते सांगतील.

बाबासाहेबांना याची जाण फार आधीपासून होती. १९१८ मध्येच त्यांनी भारतातील लहान शेतीच्या प्रश्नावर निबंध लिहिला आणि केवळ तुकडे एकत्र केल्याने शेतकऱ्याचे दारिद्र्य जाणार नाही, शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांनी उचलला पाहिजे आणि शेतीत भांडवल आले पाहिजे, असे मांडले. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, आणि त्याच फेडरेशनसाठी त्यांनी १९४७ मध्ये तयार केलेल्या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातिभेद न पाहता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसण्यास द्यावी, अशी मागणी होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याची स्तुती करण्यास स्पष्ट नकार दिला. खेडे सोडा, हा त्यांचा उपदेश आपल्याला ठाऊक आहे. परंतु जे मागे राहतील त्यांच्या पायाखाली जमीन असावी, ही मागणीही त्यांचीच, आणि ती आपण कमी वेळा आठवतो.

ती मागणी पुढे नेली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी. १९५९ चा आणि त्यानंतर ६ डिसेंबर १९६४ पासूनचा भूमिहीनांचा सत्याग्रह, या दोन्ही लढ्यांत खेड्यापाड्यांतील स्त्री-पुरुष मुलाबाळांसह तुरुंगात गेले. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यांची मुख्य मागणी. आमच्या कित्येक पालकांच्या घरी त्या तुरुंगवासाची आठवण आहे, पण कागद नाही.

त्या लढ्यांनंतर मिळालेल्या, किंवा लोकांनी स्वतःच मोडून वहितीखाली आणलेल्या जमिनींपैकी काहींवर आमच्या पूर्व विदर्भात एक वेगळेच सावट आहे. कागदोपत्री त्या 'झुडपी जंगल' आहेत. झुडपे आणि मुरूम, चराईला बरी, अशा जमिनींचे हे जुने नाव. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर त्या वन की महसूल, हा वाद वाढत गेला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वनजमिनीच असल्याचा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना नियमित करण्याची वाट त्यात ठेवली आहे. ज्यांच्या घरी अशी जमीन आहे त्यांनी वाटपाचा आदेश आणि जुने फेरफार शोधून एकत्र ठेवावेत. जी माणसे शिवेचे दगड तोंडपाठ सांगत, त्यांच्या नातवंडांना आता कागदच सांगावा लागणार आहे.

२००४ पासून दादासाहेबांच्याच नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना चालू आहे. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमीन द्यावी, असे तिचे स्वरूप. आधी निम्मी रक्कम कर्जाऊ होती. २०१८ पासून पूर्ण अनुदान आहे. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. अडचण अशी की शासनाच्या दरात चांगली जमीन विकायला कोणी सहसा पुढे येत नाही. पुढे येते ती बहुधा खरडी-बरडी, रस्ता नसलेली. तरीही ज्या घरांना ती मिळाली, त्या घरांत काय बदलले हे आम्ही पालकसभेत पाहतो. पेरणीच्या दिवसांत सभेला यायला आई-वडील रजा मागत नाहीत. आपले वावर आहे, दोन दिवसांनी पेरू, असे म्हणतात.

आज

आता सालदार मिळत नाही अशी तक्रार मोठे शेतकरी करतात. ट्रॅक्टर आला, बैलजोड्या विकल्या गेल्या, काही गावांत पोळ्याला तोरणाखाली मोजक्याच जोड्या उभ्या राहतात. ज्वारी मागे पडून सोयाबीन आले, २००२ नंतर कपाशीचे बियाणे दरवर्षी बाजारातून आणावे लागू लागले. रानडुकरे आणि रोही यांमुळे जागल मात्र संपली नाही; गोफणीच्या जागी बॅटरी आली इतकेच. दोन-चार एकरांचा कास्तकार आपल्या वावरातले निंदण उरकून दुसऱ्याच्या वावरात निंदायला जातो, कारण बियाणे-खताची उधारी फेडायची असते. आणि त्याची मुलगी येथे वसतिगृहात विज्ञान शाखेचा अभ्यास करते.

गेल्या काही वर्षांपासून दिवाळीच्या सुटीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही एक काम देतो. घरातील सर्वांत वयस्क माणसाला विचारून त्यांनी कसलेल्या प्रत्येक वावराचे नाव लिहून आणायचे, मग ते वावर कोणाच्याही मालकीचे असो. बोरीचे वावर, नाल्याकडचे, मसणवटीजवळचे, दगडधुऱ्याचे. कोणते काळी, कोणते बरडी. एका मुलाच्या आजीने तेवीस वावरांची नावे सांगितली, प्रत्येकातली माती आणि कोणत्या बाजूने पाणी साचते तेही. तिच्या नावावर त्यांतले एकही नव्हते. ती यादी आम्ही ग्रंथालयात ठेवली आहे.

यंदा जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी कुही तालुक्यातून आलेल्या एका मातेला कार्यालयातील लिपिकाने नेहमीचा प्रश्न विचारला, व्यवसाय काय लिहू, शेती की शेतमजुरी? ती म्हणाली, "दोन्ही लिहा." रकाना अरुंद होता, म्हणून दुसरा शब्द त्याला ओळीखाली लिहावा लागला.